फाउंडरचा बाप पाहिजे

ऑडिशन एका मिनिटाचं असतं, पण त्या मिनिटासाठी माणूस अख्खी दुपार जिन्यात उभा राहतो. किस्से घडतात ते तिथं. वर कॅमेऱ्यापुढं माणूस जरा तरी खोटं वागतो. जिन्यात चपलांच्या ढिगाशेजारी बसला की खरं बोलून जातो. मी टोमॅटोचा अख्खा सीझन त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो. किस्से साचले मग! एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो. म्हणून आज ओळीनंच सांगतो.

आधी मामला काय तो ऐका. आमच्या आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या अंगाला, अविनाश नावाचं एक पोरगं होतं. गावाचा आव्या. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी आला, कांदा साठवायच्या बराखीत खाट टाकून बसला, कारण म्हणे सगळ्या वस्तीत रेंज फक्त तिथंच येत होती. तिथं बसून त्यानं शेतमालाच्या गाड्या ठरवायचं एक ॲप काढलं. पुढं ॲप मोठं झालं, कंपनी मोठी झाली, आव्या बंगळुरूला आणि तिथून परदेशात गेला. आता त्याच्यावर पिक्चर निघतोय. मुंबईच्या कास्टिंगवाल्या मॅडमनी नारायणगावात पारसशेठच्या भांड्यांच्या दुकानावरचा हॉल भाड्यानं घेतला आणि हाताखाली लोकल माणूस म्हणून मला ठेवलं.

इंजिनिअरिंग मीही अर्धवटच सोडलंय. फरक एवढाच की माझ्यावर पिक्चर निघत नाहीये.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. हॉस्टेलची गादी गुंडाळून घरी आलो, त्या दिवसापासून. काही सांगायचं असेल तर आईला सांगतात, मी समोर ताटावर बसलेला असताना. "त्याला म्हणावं, मोटर बंद करून ये." आई माझ्याकडं बघते. मी उठतो. पिक्चरची बातमी गावात आल्यावर एवढाच बदल झाला, की "त्याला" जाऊन "तुझ्या फाउंडरला" आलं.

हॉलवर माझी कामं दोन. स्टँडला लावलेल्या फोनवर रेकॉर्डिंग करायचं आणि समोरच्याला क्यू द्यायचा. म्हणजे आव्याचा बाप व्हायला आलेल्या माणसापुढं मी आव्या व्हायचं. मी म्हणायचं, "बाबा, माझं तिथं मन लागत नाही." समोरच्यानं म्हणायचं, "सोड ते कॉलेज. तुला जे करायचंय ते कर. मी आहे."

मॅडम म्हणायच्या, सगळा पिक्चर ह्या एका वाक्यावर उभा आहे. मी ते वाक्य इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं, की विचारू नका. एकालाही नीट म्हणता येईना!

* * *

पण पहिला किस्सा हिरोच्या ऑडिशनचा.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'तरुण फाउंडरच्या भूमिकेसाठी स्थानिक मुलं हवीत.' आमच्याकडच्या पोरांनी अर्थ काढला, फाउंडर म्हणजे भाऊ. आली की सगळी! दाढी कोरलेली, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, दंड इतके फुगलेले की कीबोर्डपर्यंत हात वाकेल की नाही शंका. मॅडमना पाहिजे होता उपाशी दिसणारा, झोप न झालेला पोरगा. जुन्नर-आंबेगावात असा पोरगा ऑडिशनला येतच नाही, तो कुठंतरी कामाला असतो.

त्यात एक वैभवभाऊ आले. सोबत चौघं जण. मॅडमनी विचारलं, "फोटो आणलाय का?"

"आणलाय की!" म्हणत चौघांनी खांद्यावरची गुंडाळी खाली टाकली. वाढदिवसाचा फ्लेक्स! उलगडला तर भिंतीपासून जिन्यापर्यंत वैभवभाऊ. गॉगल लावलेले, फोन कानाला, मागं वाघ. पायाशी शुभेच्छुकांच्या छोट्या-छोट्या फोटोंच्या ओळी.

मॅडम नुसत्या मोज्यांवर त्या फ्लेक्सवरून चालत गेल्या, पार खालच्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या आणि एका टिकलीएवढ्या तोंडावर बोट ठेवलं. चापून भांग, गालफडं बसलेली, कुणीतरी फोटो काढतंय ह्याचंच नवल वाटल्यासारखे डोळे.

"हा कोण?"

"त्यो? त्यो काय मॅडम, शुभेच्छुक हाय."

"मला हा पाहिजे."

वैभवभाऊंनी त्या कोपऱ्याकडं बघितलं, मग स्वतःकडं बघितलं. मग अगदी काळजीनं म्हणाले,

"मॅडम, त्याचा फोटो मोठा केला तर फुटंल!"

* * *

नारायणगाव ते मंचर शेअर जीपमध्ये ह्या पिक्चरचं कास्टिंग रोज नव्यानं व्हायचं. मी कोपऱ्यात दबून ऐकायचो. मला कुणी ओळखायचं नाही, हा एक फायदा.

एकदा पुढच्या सीटवरचे दोन म्हातारे पेटले होते. एकाचं म्हणणं, हिरो गोरा पाहिजे, उंच पाहिजे, कंपनी काढण्याआधी एक तरी मारामारी पाहिजे. आणि हिरोईन कॉलेजमधली, श्रीमंताची.

मागून एक बाई म्हणाल्या, "अवो पण आव्या त्येवढासा. काळासावळा. मान खाली घालून चालायचा. आमच्या शेजारचाच व्हता, मला ठावं न्हाई व्हय?"

म्हातारा वळला. "मावशे, मलाबी ठावं हाय. त्याला मी शाळंत जाताना रोज बघितलाय. फुकाट बघितलाय! मंग आता तिकीट काढून परत त्यालाच कशाला बघू?"

ड्रायव्हरसकट सगळी जीप हसली. मीही हसलो. मग कळंबपर्यंत मला वाईट वाटत राहिलं. कुणाबद्दल, ते नाही समजलं.

* * *

आमच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला गावोगावची माणसं तिथं येतात. त्यातल्या एका फडात बबनराव वगातल्या राजाचं काम करायचे. आता वय झालंय, तरी जिन्यातून वर आले ते सिंहासनाकडं निघाल्यासारखे.

"मला त्ये मालकाचं काम द्या," म्हणाले. म्हणजे म्हातारा झालेला फाउंडर. पिक्चरच्या शेवटी त्याचा एक सीन होता.

मॅडमनी समजावलं, "काका, हा मोठ्या कंपनीचा मालक आहे. पण तो शांत बोलतो. साधा काळा टी-शर्ट घालतो. सगळ्यांच्यात बसतो."

बबनराव ऐकत राहिले. "मुकुट?"

"नाही."

"चोपदार?"

"नाही, काका."

"मंग राजा आलाय ह्ये लोकांनी वळखायचं कसं? आमच्यात राजा याच्या आधी ढोलकी वाजती. मान्सं सावरून बसत्यात. तुमचा राजा येतो तवा काय वाजतं?"

मी म्हणालो, "मोबाईल."

बबनरावांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "आन् मान्सं काय करत्यात?"

"उचलतात."

"आरारारा," म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली कुणीतरी विचारलं, झालं का सिलेक्शन? तर म्हणाले, "राज्यच ऱ्हायलं न्हाई, सिलेक्शन कशाचं करता!"

* * *

आता बापांकडं येतो.

माझा राग ह्यांच्यावर आहे, लपवून काय करू? ही माणसं थेटरात पडद्यावरच्या ड्रॉपआउटला शिट्ट्या मारणार, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवणार, 'जिद्द' लिहून खाली हात जोडणार. आणि घरातला ड्रॉपआउट समोरून गेला की पेपर तोंडापुढं धरणार. ह्यांना पोरगं धाडसी पाहिजे, पण शेजाऱ्याचं.

तर वाक्य साधं, आणि ह्यांच्या घशाखाली उतरेना. उतरलं तर वर येईना.

एक रिटायर मुख्याध्यापक आले. मी क्यू दिला, "बाबा, माझं तिथं मन लागत नाही." गुरुजी अगदी मायेनं म्हणाले, "सोड ते कॉलेज. तुला जे करायचंय ते कर. मी आहे. फक्त बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म भरून ठेव."

मॅडम म्हणाल्या, "सर, फॉर्म स्क्रिप्टमध्ये नाही." गुरुजी म्हणाले, "स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं शिक्षण काय?"

मंचरच्या एका बटाट्याच्या व्यापाऱ्यानं पहिलं वाक्य खणखणीत म्हटलं, "सोड ते कॉलेज!" आणि मग अंग चोरून इकडंतिकडं बघत म्हणाले, "पण हिला विचारलंस का?"

एकानं माझ्या क्यूवरच थेट हात उगारला. सवयीनं! नंतर दहा वेळा सॉरी म्हणाला. म्हणाला, "पावणं, तुमी फार खरं म्हणता वो त्ये."

आणि एक होते ओतूरकडचे, चेहरा असा की मॅडम जागेवरून उठल्याच. कॅमेरा लावला, लाइट लावला, मी क्यू दिला. गृहस्थ तोंड उघडेनात. परत क्यू. परत तेच. शेवटी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, ह्यो पिक्चर येनार कधी?"

"अजून शूटिंग पण नाही. का?"

"माझं पोरगं बारावीला हाय. फेब्रुवारीच्या आदी येनार आसंल तर माझं नाव काढा. परीक्षा झाल्यावर येनार आसंल, तर बोलतो बगा दनकून!"

घरी जाऊन मी हे आईला सांगितलं. आई डोळ्याला पदर लावून हसली. पलीकडं नाना टीव्हीपुढं होते. त्यांनी आवाज एक घर कमी केला होता, एवढं मी बघितलं. गोष्ट संपल्यावर परत वाढवला.

* * *

पारसशेठची चौथी पिढी नारायणगावात. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी आमच्याहून स्वच्छ. वय पंचावन्नच्या पुढं. जन्म सगळा गल्ल्यावर.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की वर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि प्रत्येक बापाला मार्क द्यायचे. मला वाटायचं, ह्यांनाही बापच व्हायचंय. म्हणून एकदा हॉल रिकामा झाल्यावर म्हणालो, "शेठ, बसा की कॅमेऱ्यापुढं. द्या ऑडिशन."

"देऊ?" म्हणाले. मग जरा थांबून, "पण मला बापाचं नको."

"मग?"

"पोराचं दे."

मी हसणार होतो. पण शेठ खुर्ची सोडून उभे राहिले होते, शर्ट खाली ओढून नीट केला होता, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून खिडकीत ठेवला होता. म्हणून नाही हसलो. बाप झालो.

शेठ माझ्याकडं बघून म्हणाले, "बाबा, माझं तिथं मन लागत नाही."

देवाशपथ सांगतो, हिरो व्हायला आलेल्या एवढ्या पोरांनी ते वाक्य म्हटलं, पण असं कुणी म्हटलं नाही. हळू म्हटलं. माफी मागितल्यासारखं. कसाबसा म्हणालो, "सोड ते कॉलेज. तुला जे करायचंय ते कर. मी..."

"पप्पा!" खालून त्यांच्या पोराची हाक आली. "गिऱ्हाईक आलंय! कुकरची रिंग कुठं ठेवलीय?"

शेठनी खिडकीतला जुडगा उचलला आणि कमरेला लावला.

"तीन लिटरच्या का पाचाच्या?" जिन्यातूनच ओरडत खाली गेले.

* * *

मग एक दिवस आव्याचा खरा बाप आला.

गाव त्यांना तात्या म्हणतं. गाडीतून उतरले. जीन्स, पोरानं पाठवलेले पांढरे बूट, दाढी गुळगुळीत. मॅडमनी स्वतः खुर्ची पुसली. तात्या म्हणाले, "माझं काम कोन करतंय, त्ये बघाया आलोय."

मॅडमनी त्यांना वाक्याचा कागद दिला. तात्यांनी वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला.

"ह्ये मी म्हणलोच न्हाई."

"म्हणजे, शब्द वेगळे असतील..."

"शब्द कशाचे! मी म्हणलो व्हतो, घरात पाय ठेवू नगो, बराखीत ऱ्हा. तवा त्यो बराखीत गेला. रेंज-बिंज काय न्हाई व्हती तिथं. त्ये पेपरवाल्यांला नंतर सांगितलं आमी."

मॅडम गुळमुळीतपणे म्हणाल्या, "तात्या, पण ऑडियन्सला ना, असाच बाप पाहिजे असतो."

तात्या कागदाकडं बघत राहिले. "मंग मी म्हणून बघू का एकदा?"

म्हणाले. माझ्यापुढं बसून, पाठ केल्यासारखं, एकही शब्द न चुकता. क्लिप मुंबईला गेली. दोन दिवसांनी उत्तर आलं: बापासारखा वाटत नाही, धोतर, टोपी, रापलेला चेहरा, असा कुणीतरी बघा.

फोन करून सांगायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मला वाटलं, म्हातारा भडकेल. मला तर तो भडकायलाच पाहिजे होता. मी शब्द जमवून ठेवले होते त्याच्यासाठी. तात्या शांतपणे म्हणाले,

"बराबर हाय त्यांचं. आमच्या आव्यालाबी दुसराच कोनतरी पायजे व्हता."

* * *

आणि आता शेवटचा.

नाना टोमॅटोचे क्रेट घेऊन रोज नारायणगावच्या मार्केटला यायचे. आई त्यांच्याबरोबर माझा डबा द्यायची. नाना डबा खाली पारसशेठच्या काउंटरवर ठेवायचे आणि वर न बघता निघून जायचे. त्या दिवशी शेठकडं लग्न होतं, दुकान बंद. डबा ठेवायला जागा नाही. म्हणून नाना जिना चढले.

मॅडम दारातच उभ्या होत्या. नानांच्या डोक्यावर टोपी, चार दिवसांची दाढी, सदऱ्यावर टोमॅटोचे डाग, हातात डबा. मॅडमनी माझा दंड धरला.

"हा! हाच! बाप!"

खोटं कुठं होतं त्यात?

"काका, फक्त एक वाक्य म्हणायचं. या ना, प्लीज."

नाना मागं फिरणारच होते. पण जिन्यात आमच्या वाडीतली दोन-चार टाळकी बसलेली, सगळी टक लावून बघत होती. चारचौघांत बाईमाणसाला नाही म्हणायचं नानांच्या जिवावर आलं असावं. आत आले. स्टुलावर बसले, डबा मांडीवर ठेवला.

मॅडमनी कागद दिला. नानांनी सदरा चाचपला. चष्मा ट्रॅक्टरवर राहिला होता. "तू वाचून दाखव रे ह्यांना," मॅडम मला म्हणाल्या.

म्हणजे मी माझ्या बापाला, त्याच्या तोंडासमोर उभा राहून, ते सांगायचं होतं. सांगितलं. भिंतीकडं बघत सांगितलं. "सोड ते कॉलेज. तुला जे करायचंय ते कर. मी आहे."

नानांचे ओठ हलले, पाठ करत होते.

मी रेकॉर्ड दाबलं. लाल ठिपका लुकलुकायला लागला, वर सेकंद पळायला लागले. नाना फोनकडं ताठ बघत होते, आधार कार्डच्या फोटोला बसल्यासारखे.

"काका, कॅमेऱ्याकडं नको," मॅडम म्हणाल्या. "ह्याच्याकडं बघा. हा तुमचा मुलगा आहे असं समजा."

"समजतो," नाना म्हणाले.

आणि बघितलं. माझ्या चपला बघितल्या, शर्टाचं तुटलेलं बटण बघितलं, मग वर तोंडाकडं आले. मी म्हणालो, "नाना, माझं तिथं मन लागत नाही."

स्क्रिप्टमध्ये 'बाबा' होतं. मॅडमनी काही अडवलं नाही.

खाली मार्केटला जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मांडीवरच्या डब्याची कडी नाना अंगठ्यानं उघडत होते, लावत होते.

"सोड त्ये कालेज," नाना म्हणाले. "तुला काय करायचं त्ये कर." मग खाली बघितलं, डब्याची कडी लावली आणि परत वर बघितलं. "मी हाये की."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. जिन्यातल्या टाळक्यांनी पण वाजवल्या. नाना लगेच उठले, डबा मॅडमच्या हातात दिला, म्हणाले, "ह्यो त्याला द्या," आणि दाराकडं निघाले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. डोळे पुसत होत्या. "झालं ना रे रेकॉर्ड?"

फोन मी स्टँडवरून काढून हातात घेतला होता. लाल ठिपका अजून लुकलुकत होता, सेकंद पळत होते. नाना दारात चप्पल शोधत होते.

"नाय झालं, मॅडम," मी म्हणालो. "परत एकदा म्हणायला लावा."